बारीक बोलेल, पण जळायचा नाही

अण्णा, माझी नेलपॉलिशची बाटली तुझ्या दुकानात काय करत होती?

तुझं तेरावं झालं आणि वहिनी म्हणाली, "कुसुमताई, दुकान आवरायला याल का? मला त्या काचेच्या नळ्यांना हात लावायची भीती वाटते." म्हणून गेले. कुलूप काढलं तर आतून तुझाच वास आला, म्हणजे राळेचा, गरम शिशाचा आणि कधीकाळी जळलेल्या कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरचा. दारातच मला रडू फुटलं. वहिनी पाठीवर हात फिरवत होती, आणि खरं तर मी तिच्या पाठीवर फिरवायला हवा होता. मग डोळे पुसून टेबलाचा खण ओढला. स्क्रूड्रायव्हर, चिमटे, तारेची भेंडोळी, आणि त्यांच्या मधोमध ती बाटली. लाल रंगाची, झाकणाला चीर गेलेली. ती माझी नाही असं म्हणू नकोस. ती चीर माझ्याच दातांनी पडलेली आहे.

लग्नात मावशीनं दिलेली ती बाटली माझ्या फळीवरून नाहीशी झाली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. माझी नणंद त्या आठवड्यात दिघाशीहून राहायला आली होती. मी तिच्यावर संशय घेतला आणि पुढं कितीतरी दिवस ती समोर आली की आधी तिची नखं बघायचे. बिचारीची नखं शेणामातीची. आणि चोर निघाला माझा सख्खा भाऊ!

"वहिनी, ही बाटली माझी आहे," मी म्हटलं.

"ती होय? ती तर हे रेडिओला लावायचे."

रेडिओला नेलपॉलिश! मला वाटलं, दुःखानं वहिनीचं डोकं फिरलं. मी बाटली पदरात बांधली. पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. तुला माहीत आहे, आपलं घराणंच संशयी. आई दूधवाल्याच्या देखत दुधाचा थेंब नखावर धरून बघायची. बाबा कचेरीला निघताना कुलूप ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. तू तर त्या दोघांच्या वरताण. तुझा विजेवरही विश्वास नव्हता.

"ती दिसत नाही म्हणून गरीब आहे असं समजू नकोस, कुसे," तू म्हणायचास.

तुझं मिसरूड फुटलं नव्हतं आणि मी परकरात होते, तेव्हा जुन्या बाजारातून सुटे भाग आणून तू घरात पहिला रेडिओ जोडलास. पाठ उघडी, आत काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, लालसर पेटलेले, आणि तू डावा हात खिशात घालून एका हातानं काम करत होतास. मी विचारलं, "दुसरा हात दुखतोय का?" तू म्हणालास, "दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला, तर करंट एका हातातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो. मधे काय असतं? काळीज. म्हणून एक हात कायम खिशात ठेवायचा." ती सवय तुला पुढं इतकी जडली की देवळात गेलास तरी डावा हात खिशातच. आई चिडायची, म्हणायची, देवाला एका हातानं नमस्कार करणारा हा एकच भक्त आहे भिवंडीत.

मग तू माझा हात धरून रेडिओच्या माथ्यावर ठेवलास. "डोळे मीट. कोमट लागला तर चालू दे. हात ठेववेनासा झाला तर बटण बंद कर, मला विचारायला येऊ नकोस." आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवायला तू मला शिकवलंस. विजेचा दाब किती, प्रवाह म्हणजे करंट किती, यावरून आपण दोघं किती भांडलो! मी म्हणायचे, करंटच जाळतो, सगळेच तसं म्हणतात. तू म्हणायचास, "करंट बिचारा ज्याला जेवढा पाहिजे तेवढाच जातो. मागून ढकलतो तो दाब. दोषी धरायचा तर ढकलणाऱ्याला धर." त्या भांडणाचा निकाल कधी लागलाच नाही. पण दोषी कोण हे शोधत राहायची सवय तुला तिथूनच लागली असणार, असा माझा संशय आहे.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास माझं लग्न झालं आणि मी भिवंडीतच कामतघरात आले. आमचे हे मूळचे दिघाशीचे, शेतकऱ्याच्या घरातले. भावकीतल्या एकाच्या जोडीनं त्यांनी शेडमध्ये कापड विणायचे थोडे लूम टाकले होते. तू मला लग्नात रेडिओ दिलास, स्वतः जोडलेला, लाकडी पेटीचा, पुढं जाळीदार कापड लावलेला. आमच्या आळीत सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा रेडिओ तो. सासूबाई बातम्या लागल्या की डोक्यावर पदर घ्यायच्या, बोलणाऱ्या माणसाला आपण दिसतो असं त्यांना वाटायचं.

तेव्हा तुझ्या हाताची कीर्ती होती. लूमवर काम करणारी माणसं रांगेनं सेट घेऊन यायची. त्यांचं एकच मागणं, "अण्णा, आवाज बढा दो. लूम के शोर में कुछ सुनाई नहीं देता." त्यांचं काही चुकत नव्हतं. लूम सुरू झाले की कान किटायचे, आणि नेमका त्याच वेळी लाइनचा दाब उतरायचा, कारण सगळी वीज मोटारी ओढून घ्यायच्या. ज्या वेळी रेडिओनं ओरडायला हवं, त्याच वेळी त्याचा घसा बसायचा.

तू त्यावर तोड काढलीस. प्रत्येक रेडिओच्या पाठीत, ट्रान्सफॉर्मरजवळ एक लहानसा प्लग असतो. तू त्याला खुंटी म्हणायचास. खुंटीसाठी भोकं असतात आणि प्रत्येक भोकाशी आकडा: दोनशे, दोनशे वीस, अडीचशे. लाइनला जेवढा दाब असेल त्या आकड्यावर खुंटी लावायची. तू ती सगळ्यांच्या सेटमध्ये काढून खालच्या आकड्यावर लावायला लागलास. आमच्या आळीत पाण्याला दाब नसला की नळ खाली उतरवून खड्ड्यात बसवतात, तसंच. नळ खाली गेला की थोड्या दाबातही धार येते, आणि खुंटी खाली गेली की थोड्या विजेतही रेडिओ खणखणीत बोलतो. लोक म्हणायला लागले, अण्णाच्या हातात जादू आहे. तूही थोडा फुगला होतास, नाही म्हणू नकोस.

पण नळाला कधीतरी पूर्ण दाबानं पाणी येतं आणि खड्ड्यातली कळशी आडवी होते. आपल्या गावात तो दिवस ठरलेला होता. शुक्रवारी लूम बंद. सगळ्या भिवंडीची खडखड थांबायची, मोटारी गप्प व्हायच्या, आणि लाइन एकदम चढायची. बल्ब पांढरे फटक दिसायचे. सुट्टीचा दिवस, माणूस निवांत उठायचा, हौसेनं रेडिओचं बटण फिरवायचा, आणि आत फट्. कंडेन्सर फुटून धूर, कुबट वास, आणि रेडिओ मेला. तू पुढं मला समजावलं होतंस की सुरू करतानाच धोका जास्त. व्हॉल्व्ह थंड असतात, त्यांनी अजून करंट ओढायला सुरुवात केलेली नसते, मग आलेला सगळा दाब कंडेन्सरच्या छातीवर बसतो.

हे तू समजावलंस ते नंतर. तेव्हा मात्र तुझ्या डोळ्यांवर संशयाची झापड होती. शनिवारी तुझ्या दुकानापुढं मेलेल्या रेडिओंची रांग लागायची. आधी तू मुंबईहून कंडेन्सर पाठवणाऱ्यावर संशय घेतलास. त्याला बदललंस. मग वीज मंडळाच्या वायरमनवर. मग समोरच्या घड्याळवाल्यावर, तो का हसला म्हणून. आणि एक दिवस एका विणकरानं भर रस्त्यात विचारलं, "अण्णा, माल नकली डाला क्या?" सगळ्यांनी ऐकलं. ज्या हातानं आयुष्यात कुणाला फसवलं नाही, त्या हातावर बोट आलं. तू दुकान अर्ध्यात बंद केलंस आणि तडक आमच्या घरी आलास.

हे जेवायला बसले होते. मी तुझ्यासाठी पाट मांडला, तू बसला नाहीस.

"जावईबापू, परवा वायरमन तुमच्या ओट्यावर चहा पीत होता. मी डोळ्यांनी बघितलं."

"मंग? चा पिला. चोरी केली का?"

"तुम्ही लाइनचा दाब वाढवून घेतलात. तुमचे लूम चालावेत म्हणून. आणि शुक्रवारी तो सगळा दाब लोकांच्या रेडिओवर येतो."

यांनी घास खाली ठेवला. "अण्णा, दाब कमी पडला का माझी मोटर जास्त करंट ओढते नि जळते. जास्त झाला का तुमचा रेडिओ जळतो. आता मी लूम चालवू का तुमची गाणी सांभाळू?"

"माझ्या हातचे सेट मरतायत!"

"सेट तुमच्या हातचं हायत ना? मंग हातालाच इचारा. आमच्या ताटावर कशाला आलाव?"

मी दोघांच्या मधे उभी होते, हातात आमटीची वाटी. एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि दोघांनाही वाटत होतं की मी दुसऱ्याच्या बाजूची आहे. तू माझ्याकडं बघून म्हणालास, "कुसे, या घरचा चहा मला आता पचायचा नाही." आणि गेलास. हे उरलेलं जेवले, पण भात नेहमीपेक्षा कमी घेतला. वायरमन कशाला आला होता, असं मी नंतर विचारलं तर म्हणाले, "मोटरचं बघायला." मोटर तर शेडमध्ये होती, ओट्यावर नव्हती. मी पुढं विचारलं नाही, पण मनात गाठ मारून ठेवली.

मला वाटलं, आता भाऊबीजेचं ताट रिकामंच राहणार. पण पुढच्याच शुक्रवारी तू दारात उभा. लूम बंद म्हणून हे दर शुक्रवारी दिघाशीला भावकीला भेटायला आणि शेत बघायला जात. तू नेमका तोच दिवस धरलास. "रेडिओ बघायला आलोय," इतकंच म्हणालास. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढलास, मला म्हणालास, "पाणी आण." मी आत गेले, माठातलं पाणी आणलं, तोवर तू पाठ पुन्हा लावून मोकळा झाला होतास. पाणी प्यालास, चहाला नाही म्हणालास आणि गेलास.

त्या दिवसापासून माझा रेडिओ मरतुकडा झाला. लूम चालू असले की त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा. सासूबाई कान लावून बसायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो मानूस आजारी हाय का गं?" हे म्हणाले, "बघ, तुझ्या भावानं चांगल्या नळ्या काढून नेल्या, जुन्या बसवल्या. राग रेडिओवर काढला." मी वरवर म्हटलं, माझा भाऊ तसा नाही. पण आतून मलाही वाटलं, अण्णा. तेच वाटलं. बाटली गेली नणंदेकडं आणि नळ्या गेल्या तुझ्याकडं, असा माझा हिशोब होता.

आणि तू दर शुक्रवारी येतच राहिलास. वर्षानुवर्षं. चपला दारात, डावा हात खिशात. उजवा हात रेडिओच्या माथ्यावर ठेवायचास, डोळे अर्धवट मिटायचास आणि म्हणायचास, "ठीक आहे." चहा नाही, पोहे नाहीत. यांचं नाव नाही. मी तक्रार करायचे, "अरे, हा रोज बोलत नाही." तू म्हणायचास, "आत्ता बोलतोय ना?" आणि तो मेला खरंच बोलत असायचा, अगदी लग्नातल्यासारखा खणखणीत! डॉक्टर दारात आला की पोराचा ताप उतरावा, तसं. मला वाटायचं तू माझी टिंगल करतोस. यांना वाटायचं तू माझे कान भरायला येतोस. "मी नसतो तेच दिवशी त्याला सवड होते," ते म्हणायचे. "नि खिशात हात घालून उभा राहतो म्हणं, घराचा मालक असल्यागत." हे त्यांना आळीतल्या कुणीतरी सांगितलं असावं असं मी समजून चालले. तू आलास की मला आनंद व्हायचा आणि तू गेलास की मी घरभर नजर फिरवायचे, काही हललं का, काही नेलं का. आपल्या आईची लेक आहे मी.

मधल्या काळात आपण बोललो नाही असं नाही. वहिनीच्या आजारपणात बोललो, बाबांच्या वर्षश्राद्धाला बोललो. तूच एकदा मला तो थंड व्हॉल्व्हचा आणि कंडेन्सरचा प्रकार समजावून सांगितलास. मी म्हटलं, "मग हे आधी का नाही कळलं तुला?" तू कढी वाढून घेतलीस आणि विषय बदललास. खाई त्याला खवखवे, असं मी मनात म्हटलं होतं.

तर त्या दिवशी दुकानात, बाटली पदरात बांधून झाल्यावर, मी वहिनीला खोदून विचारलं. तिनं फळीवरचा एक सेट खाली घेतला, धूळ पुसली आणि पाठ काढली. खुंटी सगळ्यांत वरच्या आकड्यावर होती आणि तिच्या बुडाशी लाल थेंब. दुसरा सेट, तिथंही तोच थेंब. "खुंटी हलू नये, आणि कुणी हलवली तर कळावं म्हणून लावायचे," वहिनी म्हणाली. "दुकानात आलेला प्रत्येक सेट वरच्या आकड्यावर लावून द्यायचे. गिऱ्हाईक भांडायचं हो. आवाज बारीक येतो, पहिल्यासारखा करून द्या. हे म्हणायचे, बारीक बोलेल, पण जळायचा नाही. लोकांना ते पटायचं नाही. दुसऱ्याकडं जायचे, खुंटी खाली करून घ्यायचे, जाळून घ्यायचे. गावात म्हणायला लागले, अण्णाचा हात गेला."

"मग त्यानं लोकांना सांगितलं का नाही, की आधी मीच खाली लावली होती म्हणून?"

वहिनीनं सेटची पाठ पुन्हा लावली. "तुमच्या भावाला तुम्ही ओळखत नाही का? तसं सांगायचं तर तुमच्या यजमानांची माफी मागावी लागली असती."

घरी आले. हे शेडवर होते, सासूबाई निजल्या होत्या. मी रेडिओची वायर काढली, तो भिंतीपासून ओढला आणि पाठीचे स्क्रू काढले. डावा हात कंबरेला खोचला होता, खिसा नाही ना मला. आत कोळिष्टकं होती. व्हॉल्व्ह तेच होते, अण्णा. लग्नात तू बसवलेले, त्यांवर तुझ्या हातची खडूची खूण होती. एकही नळी तू नेली नव्हतीस. आणि खुंटी अडीचशेवर, तिच्या बुडाशी माझ्या बाटलीतला थेंब, सुकून काळपट झालेला. पहिला थेंब तो असणार. बाटली त्याच आठवड्यात गेली होती ना. मी पाणी आणायला आत वळले तेव्हा फळीवर ती तुझ्या हाताशी लागली असेल, तू खुंटी चिकटवलीस आणि बाटली सवयीनं खिशात टाकलीस.

म्हणजे भांडण झालं त्याच आठवड्यात तुला सगळं कळलं होतं! हातालाच विचारा म्हणाले, आणि तू घरी जाऊन खरोखर हाताला विचारलंस. आणि जगाचे रेडिओ सुधारण्याआधी माझा सुधारलास. सगळ्या कामतघरात एकदाही न जळलेला रेडिओ माझा, आणि मी त्याला मरतुकडा म्हणत होते. मला तुझा इतका राग आला, अण्णा! एक वाक्य बोलायला काय धाड भरली होती तुला? "कुसे, खुंटी वर केली आहे," एवढंच. मी चूल सोडून त्या उघड्या रेडिओपुढं बसले आणि तुझ्या तेराव्याला रडले नव्हते तेवढी रडले.

गुरुवारी संध्याकाळी हे म्हणाले, "रेडिओ दुसऱ्याकडं दाखवून आणू. आता काय, अण्णा न्हाय. कोणीपण आवाज वाढवून देईल."

मी रेडिओ फिरवला, पाठ काढली आणि लाल थेंब दाखवला. यांना समजावून सांगावं लागलं नाही. मोटारींबरोबर जन्म काढलेला माणूस. आकडा बघितला, थेंब बघितला, आणि खाटेवर बसले.

"वायरमन दाबासाठीच आला व्हता," म्हणाले. "आम्ही सगळ्या लूमवाल्यांनी अर्ज केला व्हता, दाब वाढवून द्या म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू अण्णाला सांगितलं असतंस."

ऐकलंस? तू म्हणालास ते अर्धं खरं होतं. त्यांनी लाइन वर केली, तू खुंट्या खाली केल्यास, दोघांनीही त्याच उतरलेल्या दाबावर तोड काढली, आणि मधे लोकांचे रेडिओ भाजले. आणि दोघंही मूग गिळून बसलात, मी दुसऱ्याला सांगेन म्हणून. माझ्यासारख्या संशयी बाईला दोन संशयी पुरुषांनी कोंडीत धरलं आणि त्यातला एक निघून गेला. भांडायचं आता कुणाशी?

काल शुक्रवार होता. हे दिघाशीला गेले नाहीत. लूम बंद होते, बाहेर इतकी शांतता होती की कोंबड्यांची नखं वाजलेली ऐकू येत होती. लाइन चढलेली, म्हणून तुझ्या यायच्या वेळेला रेडिओ दर शुक्रवारसारखा खणखणीत बोलत होता. मी चुलीपाशी होते आणि दाराकडं बघायचं नाही असं ठरवून दाराकडंच बघत होते. हे खाटेवरून उठले, रेडिओपाशी गेले, डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि उजवा हात माथ्यावर ठेवला. डोळे अर्धवट मिटले.

"कोमट हाय," म्हणाले.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तू हात ठेवायचास हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तुझं नाव काढलं की भांडण, म्हणून मी काहीच सांगत नसे. आणि आळीतल्या कुणाला घरातला रेडिओ कुठून दिसणार?

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

ते मागं वळले नाहीत. "एकदा दिघाशीवरनं लवकर आलो व्हतो. बघायला, का हा माझ्या माघारी काय करतो. मागच्या खिडकीतनं बघितलं. हा असा उभा, पोराचा ताप बघावा तसा. मंग परत गेलो. नाक्यावर चा पीत बसलो, तो जाईस्तवर. मंग दर शुक्रवारी तसंच करायला लागलो. दिघाशीवरनं आलो का नाक्यावर बसायचं, त्याची सायकल गेली का घरी यायचं."

"मग आत का नाही आलात?"

"मी आलो असतो तर तो गेला असता."

म्हणजे ऐक. तू हे नसताना येत होतास, आणि तू असेपर्यंत हे येत नव्हते. दोघंही माझ्या रेडिओसाठी. मी दोन कप चहा केला होता, का केला ते विचारू नकोस, सवय नव्हे, तू तर कधी घेतलाच नाहीस. एक यांना दिला. दुसरा रेडिओशेजारी ठेवला. यांनी तो कडेवरून जरा आत सरकवला.

अण्णा, तुझ्याबद्दलचे सगळे संशय मी आज काढून टाकते, बाटलीचासुद्धा. एकच ठेवते. हे त्या दिवशी नाक्यावरून उठून सरळ आत आले असते, तर तू खरंच गेला असतास का रे? मला वाटतं, तू बसला असतास.